वावरातून जेलमध्ये

टीएजी-२४ या भुईमुगाच्या नावात दोन गावं आहेत. 'टी' म्हणजे ट्रॉम्बे, आपलं तुर्भे. 'ए' म्हणजे अकोला. 'जी' भुईमुगाचा, म्हणजे ग्राउंडनटचा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांचा मारा करून बियाण्यात बदल घडवायचे, त्यातून निघालेल्या वाणांचे संकर करायचे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ते वावरात पारखायचे, अशा भागीदारीतून हे वाण १९९१ मध्ये आलं. त्याआधी १९८५ मध्ये टीएयू-१ हा उडीद आला होता, पुढे टीएआरएम नावाचे मूग आले; टीएटी-१० ही तूरही याच भागीदारीतली. बाजार समितीत माल ओतणाऱ्याला या अक्षरांचा अर्थ ठाऊक नसतो आणि असायचं कारणही नाही. पण अकोल्याचा 'ए' महाराष्ट्राबाहेरच्या बियाण्याच्या पिशव्यांवर पोचला तो असा.

या भुईमुगाची पुढची कथा अधिक बोलकी आहे. टीएजी-२४ बुटकं, लवकर येणारं, शेंगा भरपूर धरणारं; पण तांबेरा आणि टिक्का या दोन रोगांपुढे ते हात टेकतं. धारवाडच्या कृषी विद्यापीठात त्याचा जीपीबीडी-४ या रोगाला दाद न देणाऱ्या वाणाशी संकर केला गेला. पिढ्यानपिढ्या स्वपरागीकरण करत त्यातून २६६ स्थिर ओळी तयार झाल्या. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर त्यांचा डीएनए तपासून तांबेऱ्याला अडवणारा तुकडा जीनोममध्ये कुठे बसला आहे ते हुडकलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तोच तुकडा मार्करच्या, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणेच्या, साहाय्याने परत टीएजी-२४ मध्ये आणि जळगावच्या जेएल-२४ मध्येही आणून बसवलेला दिसतो. वाणात अकोल्याचा वाटा, नकाशा मात्र धारवाड-हैदराबादेत निघाला. यात कुणाचं काही चुकलं असं नाही, विज्ञान असंच गावोगाव हिंडतं. तरी अकोला-अमरावतीत रेणू-आनुवंशशास्त्र आणि जीनोमशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलामुलींच्या कामाचा आढावा घ्यायचा तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. हा नकाशा अकोल्यात का निघाला नाही?

संस्था नाहीत असं कुणी म्हणू नये. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र १९७७ पासून त्याच गावात आहे. अमरावतीचं संत गाडगेबाबा विद्यापीठ १९८३ चं, तिथे जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. अमरावतीतलं कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र सोयाबीनची 'एएमएस' मालिकेतली वाणं देतं, यवतमाळला कृषी जैवतंत्रज्ञानाचं वेगळं महाविद्यालय आहे. (विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या पापळच्या पंजाबरावांची स्वतःची डॉक्टरेट ऑक्सफर्डची, आणि ती वैदिक वाङ्मयातल्या धर्मविचारावर. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. त्यामुळे प्रबंधाच्या विषयाचा गावाच्या मातीशी संबंध असलाच पाहिजे, असा आग्रह धरताना मला जरा चोरट्यासारखं होतं.)

'शोधगंगा' आणि 'कृषिकोश' या दोन संकेतस्थळांवर प्रबंध वाचायला मिळतात. शीर्षकं वाचत गेलं की एक साचा वारंवार भेटतो: अमुक पिकाच्या तमुक वाणांमधल्या जनुकीय विविधतेचा अमक्या मार्करने केलेला अभ्यास. जुन्या प्रबंधांत तो मार्कर आरएपीडी असतो, मग आयएसएसआर, मग एसएसआर, हल्ली एसएनपी. कृती ठरलेली. वाणांची पानं आणायची, डीएनए काढायचा, पीसीआर यंत्रात त्याचे ठरावीक तुकडे वाढवायचे आणि ते जेलवर चालवायचे. वीजप्रवाहात लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे रेंगाळतो; अतिनील प्रकाशात पट्टे चमकतात, त्यांना 'बँड' म्हणतात. बँड असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. या एक-शून्याच्या तक्त्यातून संगणक एक वंशावळीसारखी आकृती काढून देतो आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या आकृतीच्या फांद्या समजावून सांगण्यात संपतं. (घरी फोनवर 'आज जेलमध्ये होतो' असं सांगून बापाच्या पोटात गोळा आणल्याचा किस्सा या प्रयोगशाळांत पिढीगणिक नव्याने सांगितला जातो.)

अशा प्रबंधांना हसणं सोपं आहे आणि परिसंवादांत तज्ज्ञ मंडळी हसतातही. पण मुलं हेच का करतात, याचं उत्तर आळसात सापडत नाही. ते दिनदर्शिकेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार पीएचडीला किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यात कोर्सवर्क, सिनॉप्सिस, समित्या आल्या. आता तुरीत मर रोगाला अडवणारं जनुक शोधायचं आहे असं समजा. पहिल्या खरिपात संकर. दुसऱ्या खरिपात पहिली पिढी, तिसऱ्यात दुसरी, आणि टीएजी-२४ च्या संकरातून निघाल्या तशा स्थिर ओळी हव्या असतील तर पुढे आणखी चार-पाच पिढ्या. तूर आणि पऱ्हाटी वावरात वर्षाला एकदाच. दुसरीकडे नेऊन अवेळी एखादी पिढी वाढवता येते, पण त्याला पैसा लागतो आणि माणूस लागतो. म्हणजे ओळी तयार होईपर्यंत विद्यार्थ्याची मुदत संपलेली असते. विविधतेच्या अभ्यासाला मात्र एकाही खरिपाची वाट पाहावी लागत नाही. पानं आठवड्यात गोळा होतात.

धारवाडला जे जमलं ते एका विद्यार्थ्याच्या जिवावर नाही जमलं. त्या २६६ ओळी संस्थेच्या होत्या. एकाने संकर केला, दुसऱ्याने पिढ्या पुढे नेल्या, तिसऱ्याने तांबेरा मोजला, चौथ्याने मार्कर लावले. आमच्याकडे विद्यार्थी गेला की त्याच्या बियाण्याच्या कागदी पिशव्या कपाटात राहतात. पुढचा येतो तो नवीन विषय घेऊन, कारण 'नावीन्य' हा सिनॉप्सिसमधला पहिला रकाना आहे. माझ्या पाहण्यातल्या एका प्रयोगशाळेत अशा पिशव्यांना सोंडे लागले होते आणि त्यांच्यावरची पेन्सिलची अक्षरं कुणालाच लागत नव्हती.

मग चार वर्षांत काही होऊच शकत नाही का? होतं. जुनी एक युक्ती आहे, १९९१ मध्ये मांडली गेलेली. संकराची दुसरी पिढी मरग्रस्त प्लॉटमध्ये पेरायची. मरग्रस्त प्लॉट म्हणजे ज्याच्या मातीत फ्युजॅरियम बुरशी मुद्दाम पोसून ठेवली आहे असं वावर. झाडं लहान असतानाच प्रत्येकाचं एक पान तोडून फ्रीजरमध्ये ठेवायचं, कारण मेलेल्या झाडाचा डीएनए काय काढणार! मग ठणठणीत राहिलेल्या झाडांचा डीएनए एका नळीत आणि वाळलेल्यांचा दुसऱ्या नळीत एकत्र करायचा. जिथे या दोन नळ्यांत फरक दिसेल तिथे जनुक लपलेलं असण्याची शक्यता. पूर्वी हा फरक बँडमध्ये शोधायचे, आता दोन्ही नळ्यांचं सरळ सिक्वेन्सिंग करून घेतात. तीन खरिपांत बसणारं काम आहे. तुरीचा जीनोम तर 'आशा' या आपल्याकडे ओळखीच्या वाणाचाच वाचला गेलेला आहे, २०११-१२ मध्ये, इक्रिसॅटच्या पुढाकाराने आणि स्वतंत्रपणे दिल्लीच्या गटाकडूनही. पुस्तक छापून तयार आहे, पान शोधायचं बाकी आहे.

दुसरी वाट त्याहून सोपी, आणि ती आहे त्या विविधता-प्रबंधांच्या पोटातूनच निघते. समजा शंभर वाणांची पानं आणलीच आहेत. त्याच शंभर वाणांचं बी दोन खरीप, दोन ठिकाणी, एक अकोल्याच्या काळ्या रानात आणि एक अचलपूरकडे, पेरा. किती झाडं मेली, पहिलं फूल कितव्या दिवशी आलं, तुडतुडे किती बसले, हे झाडाजवळ जाऊन मोजा. मग जीनोमभरचे मार्कर आणि हे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. जीनोमची असोसिएशन पद्धत ती हीच, तिला नवा संकर लागत नाही. जेलवरचे बँड मोजायला आठवडा पुरतो. वावरातली मर मोजायला जुलै ते डिसेंबर जावं लागतं, ओल्या काळ्या मातीत, चपलेला चिखलाचं दुसरं जोडं चिकटलेलं असताना. आज जगभर स्वस्त झालं आहे ते सिक्वेन्सिंग. बंगळुरू-हैदराबादच्या कंपन्यांना नमुना पाठवला की महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं घरी येतात. झाड नेमकं कसं वागलं याची विश्वासू नोंद विकत मिळत नाही. वऱ्हाडाच्या मुलांकडे ती करायची सोय आहे आणि तिचाच वापर सगळ्यांत कमी होतो, असं माझं मत झालं आहे.

कापसाकडे जरा सावकाश पाहू, कारण इथे मामला गुंतागुंतीचाही आहे आणि जिव्हाळ्याचाही. मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' नावाने विकला जाणारा कापूस म्हणजे उमरावतीचा, आपल्या अमरावतीचा. वऱ्हाडची जुनी 'बनी' जात तलम धाग्याची. तिला बाजूला सारून जाड धाग्याच्या, पण जास्त रुई देणाऱ्या 'जरी' जाती पसरल्या, याची तक्रार इंग्रजी अमलातल्या कागदपत्रांत आहे. या दोन्ही देशी, शास्त्रीय नाव गॉसिपियम आर्बोरियम, २६ गुणसूत्रांच्या. अमेरिकन म्हणून आलेला हिरसुटम ५२ गुणसूत्रांचा; त्याच्या पेशीत दोन पूर्वजांचे संच एकत्र नांदतात. अकोल्याने देशी कापसाचं काम सोडलं नाही, एकेए नावाची वाणं त्याचीच. मात्र २००२ मध्ये बीटी आलं आणि संकरित हिरसुटमने वावरं व्यापली. देशी पऱ्हाटी कडेला गेली.

विद्यार्थ्याची पहिली परीक्षा पऱ्हाटीचं पानच घेतं. त्यात पॉलिफिनॉल आणि चिकट शर्करा इतक्या की पान चुरडताच रस तपकिरी होतो आणि डीएनए डिंकासारखा हाती लागतो. पीसीआर त्याला तोंड लावत नाही. सीटॅब नावाच्या द्रावणात पीव्हीपी टाका, मर्कॅप्टोइथेनॉल टाका (सडक्या अंड्यासारखा वास, डब्यातल्या भाकरीपर्यंत पोचणारा), कोवळंच पान घ्या, सकाळीच तोडा, असे तोडगे सिनियर ज्युनियरला सांगतो. कितीतरी जणांचे पहिले सहा महिने यातच जातात आणि प्रबंधात त्याची नोंद दोन ओळींची असते. मला विचाराल तर त्या दोन ओळींचं प्रकरण व्हायला हवं.

देशी कापसाचा जीनोम २०१४ मध्ये वाचला गेला, तो चिनी शास्त्रज्ञांनी, चिनी वाणाचा. चीनला ही जात भारताकडून गेलेली. हळहळ वाटते, पण जीनोम खुला आहे, अकोल्यातल्या संगणकावर उतरवून घेता येतो, आणि त्याच्याशी ताडून पाहायचं साहित्य आपल्याकडे आहे. देशी पऱ्हाटीवर दहिया पडतो, पानावर दही शिंपडल्यासारखे पांढरे डाग येतात. पण काही देशी ओळींना तो होतच नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अशा ओळी ओळखल्या आहेत. तुडतुडे केसाळ पानावर टिकत नाहीत, मग केस कोणत्या जनुकाने येतात? कमी पावसात देशी पऱ्हाटी तग धरते ती मुळांनी की पानांनी? एकेक प्रश्न एकेका प्रबंधाचा आहे.

बोंडअळीकडे पाहिलं तर वेगळीच गंमत दिसते. दोन बीटी प्रथिनं असलेल्या बीजी-२ कापसाला परवानगी २००६ ची. गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटी प्रथिनाला दाद देणं थांबवलं, मग दुसऱ्यालाही, आणि २०१७ मध्ये विदर्भात बोंडं फोडली की अळीच निघत होती. भारतातल्या अळ्यांचं रेणूपातळीवरचं काम २०१४ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिल्या प्रथिनाविरुद्ध कॅडहेरिन जनुकात बिघाड, दुसऱ्याविरुद्ध एबीसीए-२ जनुकात. त्यातही भारतीय अळीने एकच वाट धरलेली नव्हती, एकाच जनुकात नाना ठिकाणी नाना प्रकारचे बिघाड सापडले. ते विश्लेषण मुख्यतः अमेरिकेत झालं. अकोल्याच्या शिवारात यातले कोणते बिघाड, कुठल्या तालुक्यात, किती वाढले, हे दरवर्षी मोजत राहणं हा पीएचडीचा उत्तम विषय आहे. कामगंध सापळा वावरात लावायचा आहे, पतंग तिथेच मिळतात. आणि इथे सात पिढ्यांची वाट पाहायला नको, अळी एका हंगामात अनेक पिढ्या उरकते.

अमरावतीचं संत्र मात्र दिनदर्शिकेच्या प्रश्नाचं टोक आहे. वरुड-मोर्शीच्या बागेत झाड लावल्यावर पहिली फळं यायलाच चार-पाच वर्षं. त्यात निसर्गाने आणखी एक पेच टाकला आहे: नागपुरी संत्र्याच्या एका बीमधून दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, परागाचा त्यांच्याशी संबंध नसतो. जंबेरीच्या खुंटासाठी हा गुण वरदान, सगळे खुंट एकसारखे मिळतात. संकर करणाऱ्याला तो शाप, कारण शेकडो रोपांत खरी संकरित कोणती हे डोळ्यांना कळत नाही. या बहुभ्रूणतेमागचं जनुक चीनच्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिलं. पण माझं लक्ष साध्या गोष्टीकडे जातं. रोप दोन पानांचं असतानाच, ज्याची चेष्टा होते तोच जुना एसएसआर मार्कर ते आईची नक्कल की संकरित हे सांगू शकतो. बाकीची रोपं उपटून टाका, बागेतली जागा आणि पाच वर्षं वाचली. बँड मोजण्याला इथे किंमत आहे, कारण त्या बँडवरून पुढचं काहीतरी ठरतं.

सोयाबीनबद्दल थोडक्यात. पिवळा मोझॅक २०२३ मध्ये विदर्भभर दिसला, आणि मार्कर वापरून वाण काढता येतं हे इंदूरच्या संस्थेने एनआरसी-१२७ ने दाखवलं आहे. त्यात पचनाला अडथळा करणारं एक प्रथिनच नाही. अमरावतीच्या 'एएमएस' वाणांना मोझॅक अडवणाऱ्या जनुकाची तशीच जोड मिळणं आवाक्यातलं आहे.

पिकांच्या पलीकडेही प्रबंध होतात. लोणारचं सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत. तिथल्या अल्कधर्मी पाण्यातल्या जिवाणूंवर अमरावतीच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून वर्षानुवर्षं काम झालं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा त्याचं कारण असलेले क्षारप्रेमी सूक्ष्मजीव पुण्याच्या आघारकर संस्थेने ओळखले. मेळघाटच्या वाघांचं नातं सातपुडा-पेंच-कान्हाच्या वाघांशी अजून जंगलपट्ट्यांतून टिकून आहे, हे विष्ठेतल्या डीएनएवरून २०१३ मध्ये सांगितलं ते स्मिथसोनियन संस्थेशी जोडलेल्या भारतीय संशोधकांनी. इथेही नमुना वऱ्हाडचा, निष्कर्ष दुसरीकडचा.

सिकलसेलचा विषय अधिक नाजूक आहे. बीटा-ग्लोबिन जनुकात एका जागी 'ए' ऐवजी 'टी' हे अक्षर आलं की आई आणि बाप दोघांकडून ते मिळालेल्या मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भातल्या काही आदिवासी आणि अनुसूचित जातींत, तसंच काही अन्य समाजांत हे जनुक बऱ्याच प्रमाणात आहे. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, तिचं उद्दिष्ट २०४७ चं. भारतातला प्रकार अरब-भारतीय हॅप्लोटाइपचा, त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं म्हणून आजार सौम्य, असं पुस्तकांत लिहिलेलं असे. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांना मात्र तितकेसे सौम्य नसलेले रुग्ण भेटत राहिले. एकाच अक्षराचा बदल असूनही एका घरातला मुलगा शाळेत जातो आणि शेजारच्या घरातली मुलगी महिन्याआड दवाखान्यात, हे कशाने? अल्फा-थॅलेसेमिया, बीसीएल-११ए, अशी काही नावं माहीत आहेत. पुढचं उत्तर इथल्याच कुटुंबांकडून येईल. म्हणूनच मला खटकतं ते असं की धारणी-चिखलदऱ्यात रक्त घेऊन आलेल्या कामाचा निकाल रक्त देणाऱ्याच्या दारी जात नाही, तो प्रबंधाच्या परिशिष्टात बसतो. वाहक असल्याचं कळलं तर लग्न ठरवताना त्याचा उपयोग असतो, आणि ते गावभर झालं तर त्रासही तेवढाच. संमतीपत्र मराठीत असून भागत नाही, ते कोरकूत समजावता आलं पाहिजे.

जनुकसंपादनाची हवा आता विद्यार्थ्यांत जोरात आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचं जनुक न घालता केलेल्या संपादनाला कडक नियमांतून सूट दिली, मे २०२५ मध्ये संपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली. पण भाताचं कापसाला लागू होत नाही. संपादित पेशीपासून अख्खं झाड उभं करावं लागतं, आणि कापसात ते कोकर-३१२ या जुन्या अमेरिकन वाणात जितकं जमतं तितकं आपल्या वाणांत जमत नाही. अकोल्याच्या वाणाच्या पेशींना काचेच्या नळीत कोंब फुटेल असं माध्यम कुणी बसवलं तर ते जनुक कापणाऱ्या कात्रीइतकंच मोलाचं ठरेल. असा विषय मागितला तर गाइड म्हणतील, हे जुनं झालं.

पैशाचं म्हणाल तर जानेवारी २०२३ पासून ज्युनियर फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे आणि सिनियर ४२,०००. ज्याला नेट-जेआरएफ मिळाली त्याचं बरं चाललं आहे. बाकीचे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप-यादीकडे डोळे लावून असतात, त्यासाठी पुण्या-मुंबईत उपोषणंही झाली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल झाला, तेव्हा अकोल्याच्या मुलांना दुसरेच दिवे आठवले असतील. मे महिन्यात ४५ अंशांत वीज गेली की उणे वीसचा फ्रीजर तापायला लागतो आणि त्यात हजारो रुपयांचं टॅक एन्झाइम, वर्षभराची पानं असतात. अशा वेळी मुलं थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरून नमुने घेऊन शेजारच्या विभागात, नाहीतर थेट ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे धावतात.

मागच्या खरिपात एका विद्यार्थिनीला तुरीच्या वावरात पाहिलं. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये क्रमांक घातलेल्या पिशव्या होत्या, तिसऱ्या पिढीचं बी. संकर तिने केलेला नव्हता, तो तिच्या आधीच्या दोघांनी केला होता. एकाने नोंदवही नीट ठेवली होती, दुसऱ्याने फोनवर सांगितलं की १७ आणि ७१ नंबरच्या ओळी त्याच्या हातून उलट्या लागल्या असाव्यात. ती धुऱ्यावर बसून दोन्ही पिशव्यांतले दाणे तळहातावर घेऊन रंग ताडून पाहत होती.